ड्रम, साडू आणि गळ्याची शपथ

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढची लाज नीट कळेल. मी ठिबक सिंचनाचा दुकानदार. नाशिकला द्वारका चौकाच्या अलीकडच्या गल्लीत दुकान आहे. गेली वीस वर्षं शेतकऱ्यांना घसा फोडून एकच गोष्ट सांगत आलोय: नळ्यांमधला क्षार काढायला ॲसिड सोडा, शेवाळ मारायला ब्लीचिंग पावडर सोडा, पण दोन्ही एका दिवशी, एका भांड्यात कधीही नाही. विषारी वायू होतो. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून एक ठरलेला विनोदही करायचो. "ॲसिड आणि ब्लीचिंग म्हणजे दोन साडू. एकेकटे आले तर जावई, एकत्र आले की सासऱ्याच्या घरात धूर." मेळाव्यात यावर हमखास हशा यायचा.

तो धूर मी स्वतः केला. साडूच्या शेतात, साडूच्या डोळ्यांदेखत, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून.

हे लिहितोय ते एका विशिष्ट माणसासाठी. त्याला धाप लागलीय, डॉक्टर विचारतायत "नेमकं काय झालं होतं?" आणि तो छताकडे बघतोय. बाबा रे, मी त्या छताकडे भरपूर बघितलंय. तिथे काही लिहिलेलं नसतं.

ड्रम

प्रकाश म्हणजे माझ्या मेहुणीचा, मंगलचा नवरा. देवळ्याजवळ त्याची डाळिंबाची बाग आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलायला कमी, कामाला जास्त. त्याचा माल दुबईला जायला लागल्यापासून सासुरवाडीत एक बदल झाला होता. पहिलं ताट अजून माझंच, कारण मी थोरला जावई. पण पहिला सल्ला त्याचा. सासरे ताट माझ्याकडे सरकवत आणि विचारत त्याला, "प्रकाशराव, तुमचं काय मत?" आता पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एवढ्या गोष्टीचं वाईट वाटू नये. मला वाटायचं.

तर त्याच्या बागेतल्या नळ्या तुंबल्या आणि त्याने मला फोन केला. मला कोण आनंद! दुपारी चांदवडला एका साखरपुड्याला जायचंच होतं, म्हटलं सकाळी याचं काम उरकून टाकू. उरकू, हाच तो शब्द.

फिल्टरवर पत्र्याची शेड होती. आत निळा ड्रम, अर्धा भरलेला, पाणी दुधट. दोन दिवसांपूर्वी मीच त्याला फोनवर "ब्लीचिंग कालवून ठेव" म्हणालो होतो, ते मी साफ विसरलो होतो. मला वाटलं, बोअरचं गढूळ पाणी असेल. मी ॲसिडचा कॅन उचलला.

"भाऊ, थांबा. त्या ड्रममध्ये..."

"प्रकाश, तुझं डाळिंब दुबईला जातं, कबूल. पण ड्रिप कुणाचा धंदा आहे?"

"तुमचाच. मी काय म्हणतो, त्यात मी सकाळी..."

"तू बाहेर उभा राहा. कपड्यांवर उडेल."

तो बाहेर उभा राहिला. थोरल्या साडूचा शब्द. मी कॅन उपडा केला.

आधी फसफस झाली. मग पाण्यावर कच्च्या लिंबाच्या रंगाचा एक थर चढला आणि ड्रमच्या काठावरून खाली सांडायला लागला. धूर वर जातो, हा वायू जड, तो खाली उतरतो. हेही मी मेळाव्यात सांगायचो. आणि मी काय केलं? कॅनचं झाकण पडलं होतं, ते उचलायला खाली वाकलो.

पुढचं तुटक आठवतं. घशात कुणीतरी पेटती काडी घातली. डोळे बंद झाले. दार कुठे ते कळेना. प्रकाश नाकाला उपरणं लावून आत आला, माझी कॉलर धरली, पण माझं वजन काय सांगू, साखरपुडे बरेच खाल्लेले. नाही उचललं त्याच्याने. तो बाहेर गेला, श्वास घेतला, परत आत आला. दुसऱ्यांदा त्याने मला ओढून काढलं.

तो दोनदा आत गेला. हे लक्षात ठेवा.

बांधावर बसून आम्ही दोघं खोकखोक खोकलो, ओकलो, डोक्यावर पाणी ओतून घेतलं. अर्ध्या तासात सगळं निवळलं. हे निवळणं म्हणजे शुद्ध फसवणूक असते, पण तेव्हा मला वाटलं, सुटलो. आणि सुटल्याबरोबर मला मरणाची नव्हे, अब्रूची आठवण झाली. उद्या हे देवळ्याला कळणार, परवा नामपूरच्या बाजारात कळणार, कांद्याच्या ढिगाजवळ उभं राहून लोक माझाच विनोद मला ऐकवणार.

मी प्रकाशचा हात धरला आणि माझ्या गळ्याला लावला.

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. हे कुणाला सांगायचं नाही. मंगलला नाही, सुनंदाला तर मुळीच नाही."

"अहो भाऊ, लेकरांसारखं काय! दवाखान्यात दाखवून येऊ ना."

"गळ्याची शपथ."

त्याने हळूच मान हलवली. माझ्यासाठी ती बोलायची पद्धत होती. प्रकाश ज्या घरात वाढला, तिथे शपथ मोडली की ज्याचा गळा त्याचा जीव जातो, असं मानतात. मला ते माहीत होतं. म्हणूनच तर घातली.

सलाईन

साखरपुड्यात मी जेवलो. दोन गुलाबजाम खाल्ले, हेही सांगून टाकतो. मग गाडी चालवत नाशिकला आलो आणि संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात आठव्या पायरीवर बसलो. उठताच येईना.

सुनंदा, माझी बायको, खाली आली. "काय झालं? असे का बसलात?"

"धूळ गेली घशात."

"धुळीने ओठ निळे होतात का हो?"

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांना मी स्वतःच उपचार सुचवला, "साहेब, एक सलाईन लावा, मला सलाईनने बरं वाटतं." आपल्याकडे सलाईन म्हणजे प्रसाद, नाही मिळाला तर दर्शन झाल्यासारखं वाटत नाही. त्यांनी नाही म्हटलं, मी आग्रह केला, त्यांनी लावली. अर्धी बाटली जाईपर्यंत मी बसल्या जागी बुडायला लागलो. खरोखर बुडायला. छातीत पाण्याचा बुडबुड आवाज आणि तोंडाला गुलाबी फेस. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला, सुई काढली आणि स्वतः रिक्षा अडवायला धावले.

मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला. फुफ्फुसं काळी दिसायला हवीत. माझी पांढरी होती, माझ्या कपड्यांपेक्षाही पांढरी.

तिथल्या डॉक्टरबाई शांत बाई. त्यांनी मला तीनदा विचारलं.

"फवारणी केली होती? कुठे धूर, गॅस, ॲसिड?"

"नाही."

"काका, नीट आठवा. तुमचा धंदा शेतीच्या सामानाचा आहे म्हणून विचारते."

"नाही हो मॅडम. साधी सर्दी होती."

मी मरत होतो आणि दुकानाची पाटी सांभाळत होतो.

माझ्या उत्तरावरून त्यांनी रास्त तर्क केला: काहीतरी संसर्ग आहे, पसरणारा असेल. मला काचेच्या वेगळ्या खोलीत टाकलं. सुनंदाला बाहेर ठेवलं. माझ्या खोटेपणापायी तिच्याही नाकात काडी घालून तपासणी झाली. काचेपलीकडे ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, आणि मी तिला अंगठा दाखवून "मस्त" असं खुणावत होतो.

काच

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडावर घट्ट मास्क आला. त्यातून हवा अशी येते, की चालत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढल्यासारखं वाटतं. बोलता येत नाही, पाणी पिता येत नाही. एका सिस्टर ओल्या कापसाने ओठ पुसायच्या. त्या कापसाची वाट मी आयुष्यात कुणाची बघितली नसेल इतकी बघितली. वॉर्डातल्या एक मावशी होत्या, पेठ तालुक्याकडच्या. त्या मला पालथं करायच्या, कारण पालथं झोपलं की फुफ्फुसाच्या मागच्या भागात हवा जाते. "चला शेठ, लेकरू व्हा. पालथं पडा. रांगायचं नंतर शिकवते."

मी हसायला गेलो आणि यंत्र ओरडायला लागलं. तेव्हा समजलं, आता हसणंही परवडणारं नाही.

दुपारच्या आधी सिस्टरने फोन माझ्या कानाला लावला. काचेपलीकडून सुनंदा बोलत होती. मला धीर द्यायला इकडचं तिकडचं सांगत होती.

"मंगलचा फोन आला होता. प्रकाशरावांना पण कालपासून खोकला आहे म्हणे. काल तुमच्यासोबत होते ना, तुमचाच लागला असेल. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नाहीत. घरीच वाफ घेतायत. तुम्ही काळजी करू नका."

माझ्या कानात फक्त एकच वाजलं. तो दोनदा आत गेला होता.

मी हात हलवला. लिहायची खूण केली. सिस्टरने पॅड आणि पेन दिलं. अक्षर बैलाने नांगरल्यासारखं उमटलं, पण लिहिलं. ड्रम. ॲसिड. ब्लीचिंग. प्रकाश मला काढायला आत. त्याला आणा.

डॉक्टरबाईंनी कागद वाचला. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ते किती वेळ आत होते?"

मी दोन बोटं दाखवली.

"दोन मिनिटं?"

मी नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं: दोन वेळा.

त्या बाहेर गेल्या आणि सुनंदाला सांगितलं. काचेतून मला फक्त सुनंदाचा चेहरा दिसत होता. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तसं बघताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. मग तिने फोन काढला.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई परत आल्या. "ते नाही म्हणतात. असं काही झालंच नाही म्हणतात. हॉस्पिटलला यायला तयार नाहीत. घरच्यांनी सांगितलं की देवघरासमोर बसून आहेत, तुमच्या नावाने दिवा लावलाय, आणि विचारलं की तोंड घट्ट मिटून घेतात."

मी डोळे मिटले. मी इथे मरणाच्या दारात, हे त्याला कळलं होतं. आता तर तो मेला तरी बोलणार नव्हता. तो बोलला की मी जाणार, असा त्याचा हिशेब होता. तो माझा जीव वाचवत होता. तिसऱ्यांदा.

मी कागदावर लिहिलं: शपथ.

"म्हणजे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

उत्तर मावशींनी दिलं. हातातली चादर तशीच धरून त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, यांनी गळ्याची शपथ घातली आसंल त्याला. तो कसा बोलंल? बोलला की हे मरतील, म्हणून बसलाय गप."

"मग आता?"

"ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायला पायजे. दुसऱ्यानं म्हणून नाय चालत."

मला वाटलं डॉक्टरबाई हसतील. एवढं शिकलेल्या. पण त्या म्हणाल्या, "मास्क दहा सेकंद काढीन. त्याच्यावर एक सेकंद नाही. व्हिडिओ कॉल लावा."

पडद्यावर प्रकाश आला. चेहरा राखेसारखा. खांदे वर-खाली होत होते. माणूस खांद्यांनी श्वास घ्यायला लागला की काय ते समजून जा. मास्क निघाला. मी तोंड उघडलं तर आवाजच नाही. बाजूला आकडे घसरायला लागलेले मला दिसत होते.

"सुट..."

"भाऊ, तुम्ही बोलू नका! मी काय सांगितलं नाही कुणाला, आईशप्पथ. मी बरा शे. तुम्ही बरे व्हा."

"सुटली. शपथ सुटली. गाडीत बस."

"खरंच सुटली ना भाऊ?"

मला मान हलवायची होती, पण मास्क परत आला होता आणि डॉक्टरबाईंचा तळहात त्यावर दाबलेला होता. "बस. आता एक शब्द नाही." मावशींनी फोन स्वतःकडे वळवला आणि मोठ्याने सांगितलं, "सुटली ओ दादा! मी ऐकलं. निघा!"

वाट

देवळ्याहून नाशिकला यायला दोन तास लागतात. मी ते दोन तास घड्याळाच्या काट्यावर बसून काढले. मध्ये डॉक्टरबाई आल्या, तेव्हा मी कागदावर विचारलं: वायू तर कालच गेला, मग आज का वाढतंय?

त्यांनी माझ्या पॅडवर एक वर्तुळ काढलं. "तुम्ही शेतात ओलाव्याचे सेन्सर बसवता ना? तसे आपल्या रक्षक पेशींवर बारीक सेन्सर असतात. आम्ही रिसेप्टर म्हणतो. जंतू आला की ते पेशीला कळवतात आणि ती बाकीच्यांना हाका मारते. गंमत अशी, की आपल्याच पेशी भाजून फुटल्या, त्यांचे तुकडे सांडले, तरी तेच सेन्सर वाजतात. त्यांना 'नुकसान झालं' एवढंच समजतं. कुणी केलं, ते संपलं का, हे समजत नाही. मग सगळीकडून सैन्य धावतं. त्याला वाट करून द्यायला रक्तवाहिन्या सैल होतात आणि फुफ्फुसात पाणी पाझरतं. वायूने सुरुवात केली. बुडवतंय तुम्हाला तुमचंच सैन्य."

मी लिहिलं: सेन्सर बंद करा.

"सगळे बंद केले तर खरा जंतू येईल तेव्हा कोण सांगेल? नेमके कुठले, किती, कधी बंद करायचे, यावर जगभर काम चालू आहे. माझ्याकडे आज ते बटण नाही. मी ऑक्सिजन देते, दाब कमी ठेवते, पाणी मोजून देते, आणि तुमच्या पेशी शांत व्हायची वाट बघते."

एवढा मोठा दवाखाना, इतकी यंत्रं, आणि शेवटी उपचार म्हणजे वाट बघणं. पण त्यांनी ते लपवलं नाही, याचा मला आधार वाटला. एका तरी माणसाने त्या खोलीत खरं बोलायला हवं होतं.

प्रकाश आला तो स्ट्रेचरवर. मला आता वेगळं ठेवायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे आम्ही एकाच हॉलमध्ये, मध्ये एक पडदा. दोन तासांत त्याच्या घशात नळी घालावी लागली. नऊ दिवस तो यंत्रावर होता. मी त्याच्याआधी सुधारलो. न्याय म्हणून काही असतं तर हे उलटं व्हायला हवं होतं. चौथ्या दिवशी माझा मास्क निघाला, सहाव्या दिवशी मी पेज प्यायलो, आणि पडद्यापलीकडे ते यंत्र भाता ओढल्यासारखं चालूच होतं. ते थांबेल या भीतीने मी झोपत नव्हतो, आणि मी झोपत नाही म्हणून सिस्टर रागवत होत्या.

सातव्या दिवशी मंगल माझ्या खाटेशी आली. आमच्या नात्यात थट्टामस्करी फार. त्या दिवशी तिने पायाशी उभं राहून, आवाज न चढवता विचारलं,

"दाजी, तुम्ही पहिल्या संध्याकाळी खरं बोलला असता, तर ते आदल्या दिवशीच इथे आले असते ना?"

सुनंदा शेजारी होती. ती माझी बाजू घेईल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"हो," मी म्हणालो.

मंगलने मान हलवली आणि पडद्यापलीकडे गेली. मला वाटतं त्या आजारात माझं पहिलं बरं होणं कुठलं असेल तर ते 'हो'. आकड्यात ते दिसलं नाही.

दहाव्या दिवशी प्रकाशची नळी निघाली. त्याचा पहिला शब्द काय असेल याची मी मनातल्या मनात तयारी केली होती. शिवी असेल, असं धरून चाललो होतो. त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं, "साखरपुड्याला गेला होता का?"

"गेलो होतो."

"काय होतं जेवायला?"

"गुलाबजाम."

"आणि मला इथे नळी," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. मंगल फस्सकन हसली आणि मग तिथेच खाली बसून रडली.

आता

ज्यांच्या घरात हे चालू असेल त्यांना दोनच गोष्टी सांगतो. कुठलाही वायू नाकात गेला आणि तासाभरात बरं वाटलं, तर बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नका. दवाखान्यात जा आणि तिथे बसून राहा. आणि डॉक्टरने विचारलं की लाज खिशात ठेवून खरं सांगा. तुमच्यासोबत आणखी कोण होतं, हेही सांगा.

मेळाव्यात मी आता तो विनोद करत नाही. काय झालं ते सांगतो, माझ्या नावासकट. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागून एकजण म्हणाला, "मंग शेठ, आता ड्रिप तुमच्याकडून घ्यायचं का नाय?" मी म्हणालो, "घ्या. चूक कशी होते हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही." हशा आला, पण जुन्यासारखा नव्हता. लोक आपापल्या ड्रमचा विचार करत असावेत.

माझी फुफ्फुसं तपासणीत जवळजवळ पूर्वीसारखी भरली. प्रकाशची नाहीत. डॉक्टर म्हणतात, वर्षभर सुधारत राहतील, पूर्ण किती ते सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या बागेत गेलो. आम्ही दोघंच चालत होतो, थोडा चढ आहे तिथे. पाच-सहा झाडं झाली की प्रकाश थांबायचा, खाली वाकायचा आणि नळीला बोट लावून थेंब पडतो का ते बघायचा. पहिल्यांदा मला वाटलं, नळ्या पुन्हा तुंबल्या. दुसऱ्यांदा मीही वाकून बघितलं. थेंब व्यवस्थित पडत होता. तिसऱ्यांदा मी नळीकडे बघितलं नाही, त्याच्या खांद्यांकडे बघितलं.

"प्रकाश, दम लागतोय ना?"

"नाही हो भाऊ. जरा ड्रिपर बघत होतो."

मी झाडाखाली मातीतच बसलो. तो उभाच होता. थोड्या वेळाने तोही बसला.

"लागतो," तो म्हणाला. "चढाला लागतो. मंगलला अजून सांगितलं नाही."

"चल, घरी जाऊन सांगू. मी सोबत आहे."

"आधी बसू दे जरा."

बसलो. घाई कसलीच नव्हती.